हळदीचं बोट

"हा डाग कसला?" रुचिरा ओरडली, आणि नुंगंबाक्कमच्या त्या स्टुडिओतले सगळे रंजनीच्या पायांकडे पाहू लागले.

साडीखाली बॅलेचे ते साटिनचे फिकट गुलाबी जोडे दिव्यांच्या उजेडात झळकत होते, आणि उजव्याच्या टोकावर पिवळाधमक ठिपका. मासिकाचं मुखपृष्ठ होतं, पोरखेळ नव्हे, आणि कपड्यालत्त्याची सारी जबाबदारी रुचिरावर.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या रंजनीच्या आईला, कामाक्षीबाईंना, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हळदीचं ते बोट त्यांचंच होतं. काल लेकीने हे नवेकोरे जोडे घराच्या पायरीवर आपटून आपटून मऊ केले, मग स्वतःच्या हाताने फिती शिवल्या. एवढा मार खाल्लेल्या जोड्यांची कामाक्षीबाईंना दयाच आली. त्यांच्या घरी नवं वस्त्र हळदीचं बोट लागल्याशिवाय अंगावर चढत नसे. पायातली वस्तू देवापुढे न्यावी का, यावर त्या जरा अडल्या. मग मनाशी म्हणाल्या, घुंगरू पुजतात ना, हे त्यांचेच भाऊबंद. सकाळी पिशवी भरताना त्यांनी एका जोड्याला बोट लावलं. साडीच्या तरी एकाच कोपऱ्याला हळद लावतात.

आणि आता हे! पॅरिसच्या फॅशनवाल्यांनी डोक्यावर घेतलेली, चित्रकारांनी रंगवलेली, देशोदेशी नाचून आलेली ही लेक कामात महाकडक. एका सिनेमाच्या सेटवर शिवण वाकडी म्हणून तिने पोशाख परत पाठवला आणि सगळ्या युनिटला ताटकळत ठेवलं. हा किस्सा कामाक्षीबाई शेजारणींना रंगवून सांगत. आज पहिल्यांदाच तिने आईला कामाच्या जागी आणलं होतं. पुन्हा कशाला आणेल?

"मीच केलं, कण्णा," त्या उठून लेकीला म्हणाल्या. "अय्यो, मला काय ठाऊक..."

"काळजी नको, आंटी. कॉम्प्युटरवर पुसून टाकतो," फोटोग्राफर प्राणेश म्हणाला.

रंजनी खाली बसली, फिती सोडल्या आणि डाव्या पायातला जोडा काढला. कामाक्षीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अम्मा, हा राहिला की," रंजनीने जोडा पुढे केला. "दोन्ही पाय सारखे दिसायला नकोत? लोक एकाच पायाकडे बघत बसतील."

हळदीकुंकवाची डबी कामाक्षीबाईंच्या पर्समध्ये असायचीच. त्यांनी घाईघाईने बोट टेकवलं आणि हळद जरा जास्तच लागली.

"पोदुम, अम्मा, पुरे!" रंजनी हसली. "जोडा आहे, नवरी नव्हे."

मग फिती बांधून ती उभी राहिली आणि बोटांच्या टोकांवर अशी अलगद चढली की प्राणेश बटण दाबायचंच विसरला. कामाक्षीबाईंचा ऊर भरून आला. ही माझ्या पोटची पोर!

फोटो झाले. मासिकात फोटोखाली प्रत्येक वस्तू कोणाची ते छापतात. रुचिराने विचारलं, "साडीवाल्यांचं नाव आहे, दागिनेवाल्यांचं आहे. जोड्यांखाली काय घालू?"

"कामाक्षी, मैलापूर," रंजनी म्हणाली.

रुचिरा हसली. रंजनी हसत नाही असं पाहून तिने मुकाट्याने लिहून घेतलं.

कामाक्षीबाई पदर सावरून रुचिराजवळ गेल्या.

"मैलापुरात आम्ही नुसतं राहतो," त्या म्हणाल्या. "तंजावर म्हणून घाल."