आदरणीय भाऊराव

मानसीच्या अंधेरीतल्या कंपनीने नवं एआय अ‍ॅप काढलं. माणसाने रागात काहीही बोलावं, ते गोड भाषेत मेसेज करून पाठवतं. पहिली ट्रायल तिने कांदिवलीला घरीच घेतली. तिच्या मालवणी बाबांपेक्षा कडक परीक्षा अ‍ॅपला कुठे मिळणार होती?

वरच्या मजल्यावरच्या भाऊरावांनी कुंड्यांना पाणी घातलं आणि नेहमीसारखं ते खाली वाळत घातलेल्या बोंबलांवर पडलं. बाबांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या फोनमध्ये ओतल्या. अ‍ॅपने पाठवलं, "आदरणीय भाऊराव, आपल्या सुंदर बागेतील थोडे पाणी खाली येत आहे. सवडीने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती."

"बघा बाबा, मिटलं भांडण," मानसी म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात भाऊराव, हातात बीपीचं मशीन. मागे कमलवहिनी डॉक्टरांना फोन लावत होत्या.

"दशरथ, आधी खाली बस. छातीत दुखतंय का रे?"

"मेल्या, आग लाव तुझ्या त्या कुंड्यांक. माझे बोंबील भिजले."



भाऊरावांच्या जिवात जीव आला. "कमल, ठेव फोन. बरा आहे तो."