भिंतभर हौसा

केरबाकडं मयत बायकोचा, हौसाचा, एकच पुसट फोटो होता. तो त्यानं मोठा करायला गावातल्या फोटो केंद्रात दिला. तिथलं यंत्र फोटोतले बारीक कण काढून टाकून चेहरा नुसत्या रेषांत बसवायचं. मग कितीही मोठा करा, तो धूसर होत नसे.

संध्याकाळी मोठं चित्र घरात लागलं आणि हौसा भिंतभर उभी राहिली. हसरी, लख्ख. पण हनुवटी कोरी होती.

"तिचं गोंदण कुठं गेलं?" त्यानं केंद्रात फोन लावला.

"यंत्राला धूळ वाटली असेल, बाबा," तिथली मुलगी म्हणाली. " मूळ फोटो तर रेषा काढताना यंत्रातच पुसला जातो. तुम्ही सांगा, लगेच काढून देते. तीन ठिपके होते की पाच?"

चाळीस वर्षं ती समोर बसून त्याला वाढत होती. केरबाला आठवेना. सांगणारी एकटीच होती, आणि ती भिंतीवरून हसत होती.