धाकटीने न पाहिलेली मालिका

सगळं गाव ज्या मालिकेसाठी चार वर्षं रोज साडेसातला टीव्हीसमोर बसायचं, तिचा एकही भाग धाकट्या सुनेने पाहिला नव्हता. घरी कुणी आलं की मोठ्या दोघी जावा हे आवर्जून सांगायच्या.

"आमची धाकटी म्हणजे अगदीच ही! तिला नायिकेचं नावसुद्धा सांगता यायचं नाही!"

सगळ्या खो खो हसायच्या. धाकटी कसनुसं हसायची आणि लगबगीने आत जायची.

शेवटच्या भागाला शेजारणीही येऊन बसल्या. पडद्यावरच्या सुनेने आजारी सासूला हलकेच कुशीवर वळवलं, केस विंचरले आणि चमच्याचमच्याने भरवायला घेतलं. थोरलीला हुंदका आवरेना. मधलीचा रुमाल भिजून चिंब झाला.

"किती करते गं ती सासूचं! अशी सून मिळायला भाग्य लागतं!"

थोड्या वेळाने थोरली नाक पुसत उठली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "अगं, आज तरी बाहेर ये. जरा शीक तिच्याकडून काहीतरी!"

धाकटीच्या एका हातात पेजेची वाटी होती. दुसऱ्या हाताने तिने सासूबाईंची मान सावरून धरली होती. "आलेच वहिनी," ती म्हणाली, "चारच घास राहिलेत."

सासूबाईंनी तोंडातला घास सावकाश गिळला आणि दाराकडे पाहिलं.


"अगंबाई, थोरली आज इकडे कशी? जाहिराती लागल्या वाटतं!"