वकीलसाहेबांची ओळ

पडदा सरकला. मंचावर खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या आणि त्यांवर बसलेल्या बहुतेकांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. गाणं बसवणाऱ्या मॅडम पुढे आल्या.

“अर्धांगवायूच्या झटक्यात यांची वाचा गेली,” त्या म्हणाल्या. “साधं पाणी मागता येत नाही यांना. पण गाणं मेंदूत वेगळ्या घरी राहतं. ते घर शाबूत आहे.”

वकीलसाहेबांची बायको पर्स घट्ट धरून बसली होती. शेजारी लेक, मुद्दाम सासरहून आलेली. वकीलसाहेब मंचावर मागच्या ओळीत, कडेला. कोर्टात ज्यांना आवरता आवरता न्यायाधीशांची दमछाक व्हायची, ते वर्षभर घरात ‘हं’ आणि ‘अं’ यांवर भागवत होते. बायको दर आठवड्याला त्यांना तालमीला सोडायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची. बंद दारातून सगळ्यांचा मिळून एकच आवाज यायचा. त्यात यांचा कुठला, तिला कधीच कळलं नव्हतं. बहुधा नसेलच, असं तिने धरून टाकलं होतं.

गाणं एका नावाड्याचं होतं. आवाज आधी चाचपडत आले, अंधारात जिना उतरल्यासारखे. मग शब्द उमटायला लागले, स्वच्छ आणि पुरे. सभागृहातली कुजबुज थांबली. मोबाइल धरून वर गेलेले हात एकेक करून खाली आले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घालायचं विसरून गेले.

मॅडमनी मूठ मिटली. सगळे थांबले. मागच्या ओळीतून एकच आवाज वर आला, जाडाभरडा, किंचित घसरलेला.

“दिवा लावून ठेव गं, मी काठाशी आलो...”

लेकीने आईचा दंड पकडला. “आई! बाबा गातायत! आई...”

“गप्प बस,” ती म्हणाली. “ऐकू दे मला.”

गाणं संपलं. मग सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. अनोळखी माणसं एकमेकांकडे पाहून डोळे पुसत होती. ती एकटी बसून होती.

“आई, ऊठ ना गं. सगळे उभे आहेत.”

“वर्षभर मी एका शब्दासाठी कान लावून बसलेय,” ती म्हणाली. “चहा पुढे ठेवला तरी तोंडाकडे बघत राहते यांच्या. आणि हे इथे येऊन परक्यांना सगळं गाणं देऊन मोकळे झाले.”

लेकही खाली बसली.

बाहेर दाराशी वकीलसाहेबांना लोकांनी घेरलं होतं. चष्मा हातात धरलेले ते गृहस्थ पुढे झाले. “काय लावलात हो सूर! पहिल्यापासून गाता का?”

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली. “अं...” ते म्हणाले. “अं...”

गृहस्थ ओशाळले. कुणीतरी वकीलसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. गर्दी जराशी मागे सरली. वकीलसाहेबांची मान खाली गेली आणि मग त्यांची नजर माणसांमधून कुणाला तरी शोधायला लागली.

बायको वाट काढत त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. सूर कशाशी खातात ते तिला ठाऊक नव्हतं. घरात कुणी नसतानाही ती कधी गुणगुणली नव्हती. तिने पर्स लेकीच्या हातात दिली, त्यांचा निर्जीव हात उचलून आपल्या हातात घेतला आणि त्या नावाड्याच्या चालीवर, भर गर्दीत, बेसूर आवाज लावला.

“अहो... घरी जायचं का?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. लेक कानापर्यंत लाल झाली. “अगं आई...”

तिने परत म्हटलं. या वेळी थोडं मोठ्यांदा.

वकीलसाहेब तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होते. मग त्यांनी सूर जरा खाली घेतला, तिला पेलेल इतका, आणि तिचे शब्द तिच्याबरोबर गायला लागले. ‘अहो’सकट.

लोकांनी वाट करून दिली. पायऱ्या उतरतानाही ती दोघं एकमेकांना तेच विचारत होती.