गोळा परत येताना

नव्या मॅडमने लोखंडी गोळा दोन्ही हातांनी उचलून हनुवटीला टेकवला आणि शाळेच्या पोरांनी भरलेलं सभागृह एकदम चिडीचूप झालं. पहिल्या रांगेत बसलेल्या गोळासरांना तेही खपलं नाही. त्यांच्या वेळी पोरं इतक्या लवकर गप्प होत नसत.

भौतिकशास्त्र विभागाच्या खुल्या दिवशी हा प्रयोग बावीस वर्षं त्यांचा होता. त्यावरूनच तर नाव पडलं. छताच्या आकड्याला दोर, दोराला सात किलोचा गोळा. तो हनुवटीशी धरायचा, सोडायचा आणि जागचं हलायचं नाही. गोळा पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येतो, पण जिथून सोडला त्याच्या पुढे तसूभरही येत नाही. जास्तीची ऊर्जा आणणार कुठून? यंदा विभागप्रमुखांनी परस्पर ठरवून टाकलं, "सर, आता नव्या लोकांना पुढे येऊ द्या." नवे लोक म्हणजे कोण, तर त्यांचीच विद्यार्थिनी. लंबकाचे झोके मोजायला तिला शिकवलं तेही त्यांनीच.

"उभी कशी राहिलीय बघा," शेजारी बसलेले विभागप्रमुख कुजबुजले. "हे अंगातच असावं लागतं हो."

"हो ना," सर म्हणाले आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. अंगातच! बावीस वर्षांत या माणसाने त्यांना कधी साधं 'छान झालं' म्हटलं नव्हतं. विचारायचा ते एवढंच, की छताचा आकडा पक्का आहे ना.

परवा ती सगळं समजून घ्यायला आली होती. सरांनी दोर दाखवला, गाठ मारून दाखवली, आकड्याला तेल कधी द्यायचं तेही सांगितलं. गोळा नुसता सोडायचा, ढकलायचा नाही, हे तर दोनदा सांगितलं. तिने सगळं वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, "अजून काही, सर?"

"बाकी काही नाही. सोपं आहे."

बाकी एक होतं. गोळा सुटला की सोडणाऱ्याचं डोकं त्याच्या मागोमाग आपसूक पुढे जातं. कळतही नाही. पहिल्याच वर्षी सरांचा एक दात त्यापायी गेला होता. तेव्हापासून ते पाठीशी एक उभी फळी लावून घेत आणि गोळा परत येईपर्यंत डोकं तिला घट्ट टेकवून ठेवत. मागच्या काळ्या पडद्यात दिसू नये म्हणून फळीलाही काळा रंग दिलेला होता. आज ती प्रयोगशाळेच्या दारामागे होती. सरांनीच ठेवली होती.

फार तर घाबरून बाजूला उडी मारेल, पोरं हसतील आणि पुढच्या वर्षी विभागप्रमुख मुकाट्याने आपल्याकडे येतील, एवढंच त्यांच्या मनात होतं. निदान सकाळपासून ते स्वतःला तसं सांगत होते.

"मी घाबरू का?" मॅडमने पोरांना विचारलं.

"नाऽऽही!"

"डोळे मिटून घेऊ?"

"नाऽऽही!"

असं काही विचारावं हे सरांना बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तिने गोळा सोडला. पोरांच्या माना गोळ्याबरोबर वळल्या. तिचं डोकं चांगलं वीतभर पुढे आलं, आणि चेहऱ्यावर हसू तसंच होतं. भिंतीशी गोळा क्षणभर थांबला आणि उलटा फिरला.

"मागे हो!" सर ताडकन उठून ओरडले. "अगं, डोकं मागे घे!"

ती मागे झाली. आत्ता जिथे तिचे दात होते ती जागा ओलांडून गोळा पुढे आला, हनुवटीजवळ थबकला आणि परत गेला.

सभागृह हसू लागलं. पोरांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. "काय सर, तुमचाच भौतिकशास्त्रावर विश्वास नाही होय?" म्हणत विभागप्रमुख खो खो हसले. टाळ्या थांबेनात. एवढ्या टाळ्या सरांना एकदाही मिळाल्या नव्हत्या, आणि अशा वेळीही ते त्यांच्या ध्यानात आलं.

पोरं दुसऱ्या दालनात गेली, त्यांच्यामागून विभागप्रमुखही गेले. मॅडम हेलकावणारा गोळा धरून उभी होती.

"सर, मी पुढे झुकले होते."

"सगळेच झुकतात."

"तुम्ही कधी झुकला नाहीत."

सरांनी फळीचं सांगितलं. दाताचंही सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली खाली गेला.

"परवा सांगायचं विसरलात का?"

हो म्हणता आलं असतं. निवृत्ती दीड वर्षावर आली होती, विसरलो म्हटलं असतं तर कोणीही मानलं असतं.

"नाही," सर म्हणाले.

दोर भिंतीकडे नेऊन तिने खुंटीला बांधला. त्यांनी शिकवलेलीच गाठ मारली आणि ओढून बघितली.

"चारला दुसरी शाळा येतेय," ती म्हणाली.

"मी मागे उभा राहतो," सर घाईघाईने म्हणाले. "तुझं डोकं धरून ठेवतो. काही होणार नाही, मी आहे ना."

तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"नको, सर. फळी कुठे आहे तेवढं सांगा."