नदीकडची खोली

"नदीकडची खोली हवी का रस्त्याकडची?" तेजस्विनीने मोबाइलवरचे फोटो आजीपुढे धरले.

"नदीकडची," झोपाळ्यावरून आजोबांनीच उत्तर देऊन टाकलं. "रस्ता हितं काय कमी हाय व्हय?"

यशवंतरावांचं म्हणणं खोटं नव्हतं. महाळुंग्यातल्या त्यांच्या दारावरून कंपन्यांच्या बस आणि कंटेनर दिवसभर धडधडत जात. जमिनी कंपन्यांकडे गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी सोळा खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. मालक ते, पण पहाटे पाचला उठून पाण्याची मोटर लावायची ती त्यांच्या बायकोने, गोजाबाईंनी. नळावरची भांडणं मिटवायची त्यांनीच, आणि ओसरीवर गप्पा हाणायला येणाऱ्या मंडळींना दिवसभर चहा पाजायचा तोही त्यांनीच.

लग्नाला बावन्न वर्षं झाली. बाईंनी कधी म्हणून काही मागितलं नाही. परवा मात्र भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कुटंतरी चार दिस दुसऱ्याच्या खोलीत भाड्यानं ऱ्हावं, असं लई वाटतं."

यशवंतराव कळवळले. एवढी साधी इच्छा, आणि आपल्याला कधी सुचलंच नाही! "मग जाऊ की," ते म्हणाले, आणि नातीने लगोलग वाईतली एक घरगुती जागा शोधून काढली.

तेव्हापासून म्हातारा हवेतच होता. डोळे मिटले की कृष्णेचा घाट दिसायचा. कोवळं ऊन पडलंय, पाण्यावर पातळ धुकं तरंगतंय, आपण पायरीवर बसून पाय पाण्यात सोडलेत आणि मागून गोजा चहाचा कप आणून देते आहे. दुपारी तिच्या हातचं भरलं वांगं. संध्याकाळी ती पाय चेपते आहे आणि देवळातली घंटा लांबून ऐकू येते आहे. स्वप्नात टॉवेलसुद्धा तीच धरून उभी असायची. वाईत माणूस किती निवांत होतो, हे त्यांना झोपाळ्यावर बसल्या बसल्याच पटलं होतं.

"माझ्या गोळ्यांचं बघ," ते डोळे न उघडता म्हणाले.

"दिसावारी पुड्या बांधून ठेवल्यात."

"अन् धोतरं?"

"धुऊन घड्या घातल्यात."

"बाहेरचं खाणं मला सोसत न्हाई, ठाव हाय ना तुला?"

"ठाव हाय. चटणी, लोणचं, चिवडा, समदं डब्यात भरलंय. काय बी कमी पडायचं न्हाई तुमाला."

यशवंतरावांना भरून आलं. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं ते मनाशी म्हणाले. मग एकदम आठवलं. "अन् मोटर कोन लावंल गं?"

"ते बी ठरलंय," गोजाबाई म्हणाल्या आणि पदराने हात पुसत फोनजवळ येऊन बसल्या.

तेजस्विनीने वाईला फोन लावून आवाज मोठा केला. घरमालकीण सुमनताई मोठ्या अगत्याने बोलत होत्या. अंथरूण-पांघरूण, गरम पाणी, नाष्टा, सगळं सांगून झालं.

"चहा खोलीत मिळंल का वो?" गोजाबाईंनी विचारलं.

"मिळेल की मावशी! उठलात की नुसता आवाज द्या."

"अन् उठायला आठ वाजले तर?"

"दहाला उठा, मावशी! इथे कोण विचारणारंय तुम्हाला?"

गोजाबाईंना डोळ्यांतलं पाणी आवरलं नाही. यशवंतरावांनी ते पाहिलं. बिचारीला एवढंच हवं होतं, आणि ते आपण देतोय! त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं. समोर पुन्हा नदी वाहू लागली.

"मग शुक्रवारपासून सोमवारपर्यंत, नदीकडची खोली," सुमनताई म्हणाल्या. "माणसं किती लिहू?"

यशवंतरावांनी झोपाळ्यावरूनच दोन बोटं वर केली.

गोजाबाईंनी ती बोटं नीट पाहिली, फोन तोंडाजवळ ओढला आणि म्हणाल्या, "मी एकटीच हाय."