प्लास्टरवरचं लुगडं

तीन वर्षांच्या दक्षताचा कणा वाकत चाललेला, म्हणून डॉक्टरांनी तिला काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं होतं. नारळी पुनवेला बाळकुमचे कोळी वाजतगाजत खाडीवर निघाले, तेव्हा आत्या दक्षताच्या आईला, मेघालीला, हळूच म्हणाली, “पोरीला घरान ठेव गो. लोकं इचारतील.” “विचारू देत. सांगायला तोंड आहे मला,” मेघाली म्हणाली. प्लास्टरवर रेनकोट, त्यावर हिरवं लुगडं चढवून लेकीला कडेवर घेऊन निघाली. धक्क्यावर एका बाईने विचारलंच, “हिला काय झालं?” मेघाली बोलणार तोच दक्षताने पोटावर टकटक वाजवलं. “माझी पाठ सरळ होतेय. वाजवून बघ!” बाईने हसत वाजवलं. नारळ सोडायला दक्षताला वाकता येईना. मेघाली तिला घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. “प्लास्टर भिजंल गो!” ओरडत आत्याही पोरीचं लुगडं धरायला उतरली. दक्षताने ताठ पाठीने नारळ भिरकावला.